राखीव शून्य

संतकवी दासोपंतांनी अंबाजोगाईत 'पंचीकरण' हा ग्रंथ लिहिला तो कागदावर नव्हे, 40 फूट लांब, 4 फूट रुंद कापडी पासोडीवर. 'पोथी अशी नसते' असं म्हणत कुणी ती धुऊन काढली नाही. 400 वर्षं जपली. ही गोष्ट त्याच गावातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातली.

दसरा झाला होता, टोळ्या निघायच्या होत्या. ऊसतोडीला जाणारी एक बाई मेमरी कार्ड घेऊन आली. "मास्तर, माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या हायेत ह्यात. आई गेली. जुना मोबाइल बंद पडला, अन् नवा म्हणतो फॉरमॅट करा."

हाताखालच्या पोराने कार्ड संगणकात घातलं. तिथेही ते उघडेना. तो फॉरमॅट करणार, तोच मास्तरांनी त्याचा हात धरला. "थांब. आधी अडलंय कुठं ते बघू."

कार्डावरच्या फॅट विभागाच्या (फायली ठेवण्याच्या एका जुन्या पद्धतीच्या) पहिल्या 512 बाइटांत त्याची कुंडली असते. फायलींचं टेबल सुरू होण्याआधी किती सेक्टर राखीव, या रकान्यात शून्य होतं. जुन्या मोबाइलने कार्ड तसंच फॉरमॅट केलं होतं आणि त्याचं त्याला चालत होतं. दुकानातला संगणक लिनक्सवर चालायचा; लिनक्सचा फॅट ड्रायव्हर, म्हणजे असं कार्ड वाचणारा प्रोग्रॅम, मात्र असं शून्य दिसलं की मागे फिरतो. त्याचंही चूक नाही; खोट्या आकड्यावर विसंबून लिहायला गेलं तर आहे तेही जायचं.

पण लिनक्सचा कोड सर्वांना खुला आहे. फॅट32 चं टेबल बहुधा 32 सेक्टर सोडून सुरू होतं, त्याची पहिली नोंद ठरलेली असते, आणि टेबल सहसा दोनदा लिहिलेलं असतं. मास्तरांनी ड्रायव्हरमध्ये तेवढी भर घातली: शून्य दिसलं तर ती नोंद शोध, दोन्ही प्रती ताडून बघ, जुळल्या तरच उघड, तेही फक्त वाचायला.

प्रती जुळल्या. दुकानात जात्याची घरघर सुरू झाली, मागून आईचा आवाज आला. बाई काउंटरला धरून उभ्याउभ्याच सगळं ऐकत राहिली. पोराने ओव्या नव्या कार्डावर उतरवून दिल्या; जुन्याला हात लावला नाही.

आठवड्याने तसंच दुसरं कार्ड आलं. तेच शून्य, पण टेबलाच्या दोन प्रती वेगवेगळ्या. ड्रायव्हरने नकार दिला.

"एक खरी धरू की, मास्तर!"

"कोणती?"

पोर गप्प झालं. मास्तरांनी कार्ड पाकिटात घातलं, वर 'पुसू नका' असं लिहिलं आणि ते कार्डाच्या मालकाच्या हातात परत दिलं.