छत्तीस गुण आणि माहूरची सावित्री



भक्तहो, मी काही प्रवचनकार नाही. नांदेडला बँकेत ३३ वर्षं कॅश आणि लेजर सांभाळलं, त्यामुळं बेरजेवर माझा फार विश्वास. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७, नाडी ८. झाले ३६. त्यातले १८ जुळले की सोयरीक पुढं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या धाकटीला लातूरचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, माणसं सरळ, दोघांची पसंती. पत्रिका पाहिली तर एकनाडी. आठ गुण तिथंच गेले, उरले १६. मी फोन करून ‘योग दिसत नाही’ म्हणून टाकलं. पोरगी काही बोलली नाही.

पुढं दत्तजयंतीचा सप्ताह बसला. चौथ्या दिवशी गुरुचरित्राचे ३० ते ३५ अध्याय येतात. माहूर आपल्याच जिल्ह्यातलं. तिथल्या गोपीनाथाची सून सावित्री आजारी नवऱ्याला घेऊन गाणगापूरला गेली, तो वारला, श्रीगुरूंनी त्याला उठवला, हे आपल्याला पाठच आहे. पण पुढं सावित्रीनं उपदेश मागितला, तेव्हा श्रीगुरूंनी तिला सीमंतिनीची कथा सांगितली. चित्रवर्मा राजाला ज्योतिष्यानं तोंडावर सांगितलं होतं, मुलीला चौदाव्या वर्षी वैधव्य. आमच्या एकनाडीहून किती वाईट! तरी बापानं चंद्रांगदाशी तिचं लग्न लावलं. तिनं सोमवारचं व्रत धरलं. भाकिताप्रमाणं नवरा यमुनेत बुडाला, आणि तरीही परत आला.

पोथीवरचं बोट तिथंच थांबलं. ज्योतिष खोटं असं ग्रंथ म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण घाबरून लग्नच करू नका, असं त्या कथेत कुणी म्हणालेलं नाही.

आणि धाकटीची जन्मवेळ तरी कुठं पक्की? ती गावाकडं घरीच झाली. आईनं ‘गुरं सुटायच्या वेळेला’ सांगितलं, मी ६ वाजून २० मिनिटं लिहून टाकली. त्याच सकाळी नक्षत्र बदलत होतं. बँकेत असलं व्हाउचर मी परत पाठवलं असतं.

आरती होताच लातूरला फोन लावला. “सुपारी फुटली हो, आठ दिवस झाले,” पलीकडचे शांतपणे म्हणाले.

पोरगी नैवेद्याचं ताट वाढत होती. तिला सांगितलं. “बाबा, पारायण पूर्ण करा,” एवढंच बोलली.

यंदाही स्थळं येतायत. पत्रिका मागितली तर झेरॉक्स देतो. जन्मवेळेपुढं मात्र लाल शाईनं ‘अंदाजे’ लिहिलंय.