तीस मीटरचा हिशेब

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले. त्यांचे ते छोटे पस मॉथ विमान जो वेग कधीच गाठू शकले नसते, त्या ताशी 320 किलोमीटरच्या वेगाने आता अहमदाबाद–मुंबई बुलेट ट्रेन धावणार आहे. विमानाचा वेग जमिनीलगत येत असेल, तर पक्ष्यांच्या धडकेबाबतची विमानतळाची जबाबदारीही सोबत यायला हवी.

पक्षी धोका जोखतो तो मुख्यतः अंतरावरून. अमेरिकेतल्या काउबर्ड पक्ष्यांना अंगावर येणाऱ्या वाहनाची चित्रफीत दाखवून केलेला एक प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. वाहन संथ असो वा भरधाव, ते साधारण 30 मीटरवर आले की पक्षी उडत. ताशी 120 किलोमीटरपुढे मात्र एवढे अंतर पुरेना. बुलेट ट्रेन सेकंदाला 89 मीटर कापेल. म्हणजे पक्ष्याच्या हाती सेकंदाचा तिसरा हिस्साच उरतो. मांजर, मुंगूस, शिक्रा यांच्यापासून पिढ्यान्‌पिढ्या जीव वाचवणारी समज इथे तोकडी पडते. बहिरी ससाणा सूर मारताना हा वेग गाठतो खरा, पण तो एकाच पक्ष्यावर झेपावतो. गाडीला निवड नसते.

ठाण्याच्या खाडीखालून मार्ग 7 किलोमीटर बोगद्यातून जातो, त्यामुळे तिथले रोहित पक्षी धडकेपासून वाचतील. हे चांगलेच झाले. पण 508 किलोमीटरपैकी बहुतांश मार्ग उन्नत पुलावर आहे, म्हणजे बगळे-ढोकरी ज्या उंचीवरून शेत ओलांडतात नेमका तिथे. वस्तीजवळ आवाज अडवायला पारदर्शक पट्ट्या लागतील, तर त्यांवर एकमेकींच्या जवळ आखलेल्या उभ्या रेषा हव्यात. आरपार दिसणारी काच पक्ष्याला मोकळी हवाच वाटते.

20 मे 2024 च्या रात्री घाटकोपरजवळ विमानाच्या धडकेने जवळजवळ 40 रोहित मेले आणि दुसऱ्या दिवशी साऱ्या शहराला ते कळले. विमानाला पक्षी धडकला की नोंद होते, कारण आत माणसे असतात. गाडीखाली मेलेल्या वेड्या राघूमुळे कुणाचा प्रवास अडत नाही, म्हणून त्याची मोजदाद राहून जाते. मला हे मान्य नाही. पालघर जिल्ह्यातल्या पुलांखाली पक्षी-अभ्यासकांनी दर महिन्याला फेरी मारावी, खर्च प्रकल्पाने उचलावा आणि आकडे जाहीर व्हावेत. ही मोजणी गाडी सुरू होण्याआधी निदान वर्षभर तरी व्हायला हवी, नाहीतर नंतरच्या आकड्यांची तुलना करायला काहीच नसेल.