तितिक्षा कोणाची?

यवतमाळ जिल्ह्यात वैशाखातल्या सप्ताहाला गेलो म्हणजे एक प्रश्न आम्हांस हटकून ऐकावा लागतो : ‘महाराज, शीतोष्ण सोसावे असे गीतेत भगवंतच सांगतात, मग उन्हाची एवढी ओरड कशाला?’ विचारणारा बहुधा सावलीत बसलेला असतो, ते असो.

तितिक्षा भगवंतांनी सांगितली खरी. पण ती साधकाने आपल्या देहापुरती करावयाची. पऱ्हाट्या उपटणाऱ्या मजूरबाईला बांधावरून ‘सोस’ म्हणणे ही काही तितिक्षा नव्हे. दुसऱ्याच्या तापासाठी शास्त्राने निराळा धर्म सांगितला, तो पूर्त. विहीर, तळे, झाडे, पाणपोई हे सारे त्यातले. रोजगार हमीच्या कामावर पाणी व सावली द्यावी असे आज कायदाही म्हणतो; खाजगी शेतावर ती कोण देणार?

सज्जनहो, देहालाही त्याचा धर्म आहे. घाम वाळतो तेव्हा अंग निवते. पाणी नाही, वारा नाही, की ती सोय बंद पडते. आतला ताप ४० अंशांपलीकडे गेला म्हणजे माणूस बरळू लागतो. तेथे भक्तिभाव आड येत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला लाखो श्रीसदस्य उघड्या मैदानात बसले होते. उष्माघाताने १४ जण गेले. त्यांच्या श्रद्धेत काय उणे होते?

दुसऱ्याचे कशाला, आमचेच सांगतो. दारव्ह्याकडे एका गावी काल्याचे कीर्तन आम्ही रंगाच्या भरात साडेबारापर्यंत ओढले. वर पत्रे. पुढे बसलेल्या म्हातारीला कोणी आत चल म्हणाले, तर ती म्हणते, ‘आमाले ऊन काय करते, बाप्पा?’ थोड्या वेळाने तिच्या टाळ्या चुकू लागल्या, डोळे मिटले. माउलीची समाधी लागली, असे आम्ही नारदाच्या गादीवरून बोलून गेलो! लिहिताना लाज वाटते. ती कलंडली तेव्हा पोरांनी लिंबाखाली नेऊन अंगावर पाणी ओतले, वारा घातला, दवाखान्यात पोचविले. वाचली बिचारी. शहाणपण पोरांनी दाखविले, आम्ही नव्हे.

अहमदाबादेत २०१० च्या उन्हाळ्यात माणसे दगावली, तेव्हा तेथील महापालिकेने २०१३ साली उष्णतेचा आराखडा केला : आगाऊ इशारा, पाणी, सावली, दवाखान्यांची तयारी. नागपुरानेही पुढे तोच मार्ग धरला. आम्ही यास पूर्तच म्हणतो. गावाला मात्र महापालिका नसते; सप्ताह कमिटी असते.

म्हणून यंदा त्या कमिटीस कळविले आहे की काला सकाळी आठला होईल आणि मंडपाच्या चारी कोपऱ्यांत रांजण हवेत. रांजण कबूल झाले. पंगत इतक्या लवकर कशी बसवावी, ही त्यांची अडचण आहे. आचारी रात्री दोनला चूल पेटवील काय, हे विचारायला माणूस गेला आहे.