परक्या भूमीतील गीत

पवित्र आठवड्याच्या तालमीनंतर विल्यम बर्ड या इंग्रज संगीतकाराविषयी गोष्टी निघाल्या असता आमच्या गायकवृंदातील एका तरुणाने आम्हांस विचारले, “फादर, राणीच्या वेतनावर जगायचे आणि लपूनछपून मिस्सेसाठी संगीत रचायचे, हा दुटप्पीपणा नव्हे काय?” त्या वेळी आम्ही काहीतरी बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही.

बर्ड हा प्रबोधनकाळातील बहुस्वरी गायनाचा थोर रचनाकार. सुमारे १५४० मध्ये जन्मलेला हा गृहस्थ १५७२ पासून पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राजमंदिरात गायक होता. १५७५ मध्ये राणीने त्याला व त्याचा ज्येष्ठ सहकारी थॉमस टॅलिस याला संगीत छापण्याचा एकवीस वर्षांचा मक्ता दिला. त्याच राज्यात मिस्सा बेकायदा होती. १५८१ च्या कायद्याने प्रोटेस्टंट उपासनेस गैरहजर राहणाऱ्यास दरमहा वीस पौंड दंड ठरला. १५८५ पासून परदेशी दीक्षा घेतलेल्या धर्मगुरूने इंग्लंडात पाऊल ठेवणे राजद्रोह झाला आणि त्याला आसरा देणाऱ्याच्या मानेला फास. बर्डच्या घराण्यावर गैरहजेरीचे खटले पुनःपुन्हा भरले गेले. राणीची मर्जी असल्याने तो निभावला. इतर गरीब कॅथलिकांना असा आश्रयदाता नव्हता. तरुणाच्या प्रश्नातील खरा काटा येथेच आहे, असे आम्हांस वाटते.

सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो होतो की श्रद्धा नाकारणे कधीही क्षम्य नाही. पण ती प्रत्येक चव्हाट्यावर ओरडून सांगितलीच पाहिजे असेही बंधन नाही. वर्गात हे सोपे वाटते. बर्डने श्रद्धा नाकारली नाही. मात्र राजमंदिरातील इंग्रजी उपासनेसाठीही त्याने रचना केल्या, आणि त्या मन लावून केल्या. हा परक्या उपासनेत सहभाग नव्हे काय? आहे. तो आम्ही झाकून ठेवणार नाही.

पण दुसरी बाजूही ऐकावी. प्राग येथील सम्राटाच्या दरबारातील संगीतकार फिलिप द माँटे याने १५८३ मध्ये बर्डला एक आठ आवाजी रचना पाठविली. तिचे शब्द होते स्तोत्र १३७ मधील: बाबेलच्या नद्यांकाठी बसून सियोनासाठी रडणाऱ्या बंदिवानांचे. पुढल्या वर्षी बर्डने उत्तर धाडले, तेही आठ आवाजांचे, त्याच स्तोत्रातील पुढच्या प्रश्नापासून सुरू होणारे: परक्या भूमीत प्रभूचे गीत गावे तरी कसे? बाबेलातले इस्राएली घरापासून दूर होते. बर्ड मात्र स्वतःच्याच देशात, स्वतःच्याच भाषेत परका झाला होता.

त्याच पिढीतील दुसरा एक इंग्रज कॅथलिक देश सोडून गेला. येशूसंघीय थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला आणि खरोखरीच्या परक्या भूमीत, आपल्या मराठीत, ‘क्रिस्तपुराणा’च्या सुमारे अकरा हजार ओव्या रचून गेला. एक निघून गेला, एक राहिला. कोणाचे अधिक खरे, हे तोलण्याचा तराजू आमच्यापाशी नाही.

राहिलेल्याने काय केले? १५८६ च्या जुलैत एका कॅथलिक गृहस्थाच्या वाड्यात नुकतेच आलेले दोन येशूसंघीय, हेन्री गार्नेट व रॉबर्ट साउथवेल, आठवडाभर मुक्कामास होते. तेथे संगीतासह मिस्सा झाल्या आणि बर्ड हजर होता. पुढे त्या दोघांनाही देहदंड झाला, साउथवेलना १५९५ मध्ये व गार्नेटना १६०६ मध्ये. १५९० नंतरच्या काही वर्षांत बर्डने तीन, चार व पाच आवाजांसाठी तीन मिस्सा छापल्या. कॅथेड्रलसाठी नव्हेत, बंद दारांआड, घरातल्या चार माणसांनी गाव्यात अशा. चार आवाजी मिस्सेतील ‘देवाचे कोकरू’ दोनच आवाजांत सुरू होते. मग इतर आवाज येतात. शेवटी शांतीच्या याचनेपाशी चौघे एकत्र होतात. तेथे एक सूर दुसऱ्याला टोचतो, सुटतो, पुन्हा टोचतो. शांती मागणाऱ्यांना ती मिळालेली नाही, हे ऐकणाऱ्यास सांगावे लागत नाही.

या पुस्तिकांना मुखपृष्ठ नव्हते. मुद्रकाचे नाव नव्हते, साल नव्हते. परंतु पानांच्या माथ्यावर रचनाकाराचे नाव मात्र होते. दुटप्पी माणूस प्रथम आपले नाव पुसतो. त्या तरुणाला आम्ही हे सांगितले, तेव्हा त्याने मान डोलावली.

एक गोष्ट मात्र त्याला सांगायची राहिली. १६०५ मध्ये बर्डच्या नव्या धार्मिक रचनांच्या पुस्तिका जवळ सापडल्या म्हणून शार्ल द लिन्यी नावाच्या फ्रेंच माणसाला लंडनच्या एका खाणावळीत पकडून तुरुंगात टाकण्यात आले. बर्डला कोणी हात लावला नाही. तो १६२३ पर्यंत एसेक्समधील आपल्या घरी जगला, आणि मृत्युपत्रात आपण कॅथलिक ख्रिस्तसभेचा खरा सभासद म्हणून जगावे व मरावे, अशी प्रार्थना लिहून गेला. त्या प्रार्थनेच्या वेळी त्याला लिन्यी आठवला असेल काय, हे आम्ही पुढल्या तालमीनंतर त्या तरुणालाच विचारणार आहोत.