भिंतीची भेग आणि घरधनी

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर एक भक्त मठात आले. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी जुने घर विकत घेतले होते. विकणाऱ्याने रंगसफेदी करून घर ताब्यात दिले. पहिल्याच उन्हाळ्यात रंग फुटला आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून वर गेलेली तिरपी भेग उघडी पडली. ते म्हणाले, "अप्पा, रात्री तीन-तीनदा उठून दिवा लावतो नि भेग बघतो. पूजेला बसलो तरी इष्टलिंगावर दृष्टी ठरत नाही. वाटतं, आपणही चुना मारावा आणि घर विकून मोकळं व्हावं."

आम्ही विचारले, "गवंड्याला दाखविलेत का?"

"नाही अप्पा. तो काय सांगेल, याचीच भीती वाटते."

या उत्तरातच प्रश्नाचे मूळ आहे. घराची अवकळा पाहून आत घरधनी आहे की नाही, असा प्रश्न बसवण्णांच्या एका वचनात येतो. तेथे घर म्हणजे देह आणि धनी म्हणजे अंतःकरणातील शिव, हे आपण जाणता. भेगही हाच प्रश्न विचारते. चिंता करणाऱ्यास वाटते, आपण घराची फार काळजी वाहतो. वस्तुतः तो घरात नसतोच. त्याचे मन उद्या कोसळणाऱ्या भिंतीखाली सापडलेले असते, आणि आजची भिंत मात्र कोणी हात लावून पाहिलेली नसते. चिंता म्हणजे पाहणी नव्हे. पुष्कळदा ती पाहणी टाळण्याची युक्ती असते.

जाणता गवंडी प्रथम भेगेची जात ओळखतो. गिलाव्यावरची केसासारखी भेग बहुधा गिलाव्यापुरतीच असते. काळ्या जमिनीवरचे घर पावसाळ्यात माती फुगल्याने व उन्हाळ्यात ती आकसल्याने हलते. त्याच्या भेगा ऋतूप्रमाणे मिटतात आणि उघडतात. परंतु भेग भिंतीच्या आरपार असेल, दिवसेंदिवस रुंदावत असेल, भिंतीला पोट सुटले असेल किंवा ती कलली असेल, तर विलंब न करता अभियंत्यास बोलवावे. शंका असल्यास भेगेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि भेगेवर काचेची पट्टी दोन्ही बाजूंस सिमेंटने घट्ट बसवावी. भिंत सरकली तर काच तडकते.

भीती निराधार आहे, असे आम्ही म्हणत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणी हादरली, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार यांखाली झोपेतच हजारो जीव गेले. भिंतीचे दोन पदर बांधून धरणारे लांब दगड अनेक ठिकाणी नव्हते. जाडी म्हणजे बळकटी नव्हे, हे तेथे फार मोठी किंमत देऊन कळले. म्हणून भीतीने उठावे व पाहावे. उठून पुन्हा निजणे व्यर्थ आहे.

आता चुन्याविषयी. आम्ही त्या भक्तांना म्हणालो, "तुम्हाला ज्याने फसविले, त्याचा तुम्हाला राग आहे. मग तुमच्यानंतर त्या खिडकीखाली ज्याचे लेकरू निजेल, त्याचे तुम्ही कोण?" ते खाली पाहू लागले. दोष झाकून मिळालेला पैसा कायकाचा नव्हे. आणि जो कायकाचा नाही, तो दासोहास चालत नाही. घर विकावे, त्यास बंदी नाही; पण भेग दाखवून, भाव कमी घेऊन विकावे. झालेल्या फसवणुकीची साखळी आपल्या दारात थांबविणे, हेच शरणाचे काम.

पुढे त्यांनी गवंडी आणला. पन्हळीचे पाणी पायाशी मुरत होते. ते वळविले, भिंतीवर काच बसविली. दिवाळीत ते सांगून गेले, काच अखंड आहे. भेग आहे तेथेच आहे. पण पूजेच्या वेळी आता भिंतीकडे मान वळत नाही.

सद्भक्तहो, आमच्याही देहाच्या भिंतीस पन्नाशीनंतर भेगा दिसू लागल्या आहेत. कोणतेही घर कायमचे नाही. आपल्याकडे एवढेच की, भेग दिसेल तेव्हा धन्याने घरात असावे.

शरणु शरणार्थी.