मुद्दाम टाकलेलीं कणसें

रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस अगदी घरचा वाटावा असा आहे. सातूची कापणी चालली आहे. शेताचा धनी बवाज गांवांतून येतो, आणि कामाची चौकशी करण्यापूर्वीं देवाचें नांव घेऊन मजुरांस नमस्कार करितो. धनी आधीं नमस्कार करितो, एवढ्यावरूनच त्या शेतांतील रीत कळून येते.

मग त्याची दृष्टि सरवा वेचणाऱ्या रूथकडे जाते. ती परदेशी, मवाबी, विधवा. गरिबांस व परक्यांस सरवा वेचूं द्यावा, ही मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञाच होती; तेव्हां तिला वेचूं दिलें असतें म्हणजे बवाजाचें कर्तव्य पुरें झालें असतें. परंतु तो तेथें थांबला नाहीं. जेवणाच्या वेळीं त्यानें तिला कापणाऱ्यांच्या पंक्तीस बसविलें व हुरडा दिला. ती पुन्हां वेचावयास उठली तेव्हां त्यानें गड्यांस ताकीद दिली कीं, कांहीं कणसें तिच्यासाठीं मुद्दाम टाकावीं, पण तिला कोणी टाकून बोलूं नये.

त्या दिवशीं तिच्या पदरांत धान्य ओतणें त्यास सोपें होतें; पण मग ती चारचौघांत याचक ठरली असती. कणसें तिनें वाकून वेचलीं, संध्याकाळीं झोडलीं, आणि एफाभर सातू आपल्या कष्टाचे म्हणून सासूपुढें ठेविले. देणाऱ्याचा हात दिसला नाहीं, आणि घेणारीची मान खालीं गेली नाहीं. ह्यासच आम्ही ख्रिस्ती सौजन्य म्हणतों.

आमच्या मंडळ्यांत उपकार होत नाहींत असें नाहीं. पण ते बोलून दाखविले जातात. विधवेस शेरभर जोंधळे देतों, आणि उपासनेनंतर तें चार जणांस सांगतों. मजुरीहून आलेला भाऊ उशिरां आंत शिरतो; माना वळतात, पण सरकून जागा कोणी देत नाहीं. पुढच्या रविवारीं तो येत नाहीं, आणि आपण त्याच्या विश्वासास दोष देतों! उपदेशक बंधूंनो, एखाद्याच्या घरची अडचण नांव घेऊन प्रार्थनेंत मांडण्यापूर्वीं आपण त्यास विचारितों काय?

सरवा वेचणाऱ्या त्या परक्या बाईचें नांव मत्तयानें प्रभु येशूच्या वंशावळींत लिहिलें आहे. आपल्या मंडळीच्या दाराशीं आज कोण उभें आहे, हें आपणांस काय ठाऊक? प्रभु आपणांस बवाजाची दृष्टि व त्याची जीभ देवो. आमेन.