खोट्या मण्यांवरचा जप

तृणमण्याची, म्हणजे अंबरची, म्हणून घेतलेली माळ प्लास्टिकची निघाली, तर तिच्यावर केलेला जप वाया गेला का? तृणमणी मुसलमानांच्या तसबीहमध्ये ओवला जातो, तसाच तिबेटी बौद्धांच्या माळेतही. त्यामुळे प्रश्न एकाच धर्माचा नाही. माझे म्हणणे असे की वस्तू स्वतः कधीच खोटी नसते. खरा किंवा खोटा असतो तो तिच्याविषयी केलेला दावा, आणि प्रत्येक दाव्याची परीक्षा त्याच्या जातीप्रमाणे करावी लागते.

जालना एमआयडीसीत हे स्पष्ट दिसते. तिथल्या भट्ट्यांत भंगार वितळते, त्याचे बिलेट होतात आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते. ते भंगार कुठून आले, यावरून त्या सळईला कोणी नकली म्हणत नाही. तिच्यावरचा दावा ताकदीचा आहे. ‘एफई 500’ म्हणजे किमान 500 मेगापास्कल ताणापर्यंत ती कायमची लांबणार नाही. यंत्रात ओढून पाहिले की दाव्याचा निकाल लागतो. तृणमण्याचा दावा मात्र भूतकाळाचा आहे: ही झाडाची राळ आहे आणि ती कोट्यवधी वर्षे जमिनीत मुरली आहे. सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत मिळालेला तृणमणी सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. हे वय कोणत्याही यंत्रात ओढून दिसत नाही. ते खुणांवरून अनुमानानेच काढावे लागते.

घरच्या परीक्षा म्हणजे अशा खुणा. पेलाभर पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालावे. तृणमण्याची घनता पाण्याच्या 1.05 ते 1.10 पट, म्हणजे या खाऱ्या पाण्याहून कमी असल्याने तो तरंगतो. काच आणि बेकेलाइट बुडतात. पण पॉलिस्टायरीनही तरंगते, आणि कोपल नावाची कोवळी राळही. लोकरीवर घासलेला मणी कागदाचे कपटे ओढतो, तसे प्लास्टिकही ओढते. तापल्या सुईने राळेचा वास येतो, पण तो कोपललाही येतो, वर मण्याला डाग पडतो तो वेगळाच. बुडालेला मणी तृणमणी नाही, एवढे खात्रीने म्हणता येते. तरंगलेला तृणमणीच आहे, असे म्हणता येत नाही. मणी द्रावकात विरघळतो का, ही परीक्षा तर उलटीही फसवू शकते. बाल्टिक तृणमणी सहसा विरघळत नाही, पण वस्तानचा अस्सल तृणमणी काही सेंद्रिय द्रावकांत विरघळतो. त्यामुळेच अभ्यासकांना त्यातले प्राचीन कीटक सुटे काढता आले. एका जातीवर बेतलेली कसोटी दुसऱ्या अस्सल जातीला खोटे ठरवू शकते.

यावर मीमांसा दर्शन मानणाऱ्या मीमांसकांचा जुना आक्षेप उभा राहतो. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाची साक्ष लागली, तर त्या साक्षीलाही साक्ष लागेल आणि अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी, ओढवेल. म्हणून ज्ञान आपले प्रामाण्य, म्हणजे खरेपणा, स्वतःच घेऊन येते, असे ते म्हणतात. न्याय दर्शन मानणारे नैयायिक मात्र प्रामाण्य बाहेरून, कृतीच्या यशावरून ठरवतात. बाजारात मला नैयायिकांचा मार्ग पटतो. शंकेला कारण असेल तिथे तपासावे, आणि कारण संपले की थांबावे. विकणाऱ्याचा फायदा गुंतलेला आहे, हे शंकेचे पुरेसे कारण आहे. अनवस्थेची भीती दाखवून पहिली तपासणीच टाळणे मात्र मान्य होण्यासारखे नाही.

दुसरा आक्षेप भक्ताचा: श्रद्धेच्या वस्तूला कसोटी लावणे हाच अनादर नाही का? मला तसे वाटत नाही. जपात भक्त मण्याच्या वयाबद्दल काहीच म्हणत नाही. मणी फक्त मोजणी सांभाळतो. त्यामुळे प्लास्टिकच्या माळेवर झालेला जप पूर्ण आहे. खोटे ठरते ते दुकानदाराचे बोलणे, आणि ‘श्रद्धा ठेवा’ म्हणून परीक्षा नाकारणारा माणूस दुसऱ्याच्या भक्तीआड आपला माल लपवत असतो. माळ महाग असेल तर अवरक्त वर्णपटाचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा, आणि घरातल्या जुन्या माळेला तापली सुई लावू नका.